साठवण

दाजी पेठेतल्या कॉम्प्युटर क्लासनं मोडीत काढलेलं कॅबिनेट
सातशेला मिळालं, घासाघीस करून.
आत मुंगळे होते
आणि कुणाच्यातरी हजेरीचा चतकोर कागद:
यंगल श्रीनिवास, गैरहजर.
दोन्ही झटकले. पंखा बदलला.

दोन डिस्क बसवल्या, शेजारीशेजारी.
एकीत जे लिहीन
ते दुसरीतही आपोआप उमटेल.
ही गेली तर ती.
ती गेली तर ही.
दोन्ही गेल्या तर?
एवढा विचार आमच्या गावात
मे महिन्यात करत नाहीत.

"काय करलालास?" नायनांनी विचारलं.
साठवून ठेवतोय, म्हटलं,
सगळ्यांचं, एका जागी.
"किती दिवसाआड?"
त्यांना वाटलं पाणी.

चुकलं नव्हतं त्यांचं.
साठवण म्हणजे आमच्याकडे सहा निळी पिंपं,
दोन टिपाडं, हंडे, कळशा,
पाहुण्यांसमोर न काढायच्या पेंटच्या बादल्या,
आणि पाचव्या दिवशी रात्री दोनला
नळ खाकरतो, तेव्हा
गल्लीभर एकदम पेटणारे दिवे.

त्या रात्री पहिली नक्कल चालू होती.
एकतीस टक्के.
अक्कानं झोपेतच मोटारीचं बटन दाबलं
आणि फ्यूज उडाला.
अंधारात फक्त पाणी येत राहिलं, बारीक धारेनं.
पुन्हा शून्य टक्के.

नायनांच्या फोनमधून चार हजार फोटो उतरले.
त्यातले तीन हजार सुप्रभात.
गुलाब, समई, वाफाळता चहा.
पुसू का?
"कशाला? लोकांनी पाठवलंय."
उरलेल्यांत एक तुटका गियर,
बेअरिंगवरचा पुसट नंबर,
धोट्याची घासलेली कड,
आणि माग भंगारात गेल्यावरची फरशी,
जिथं प्रत्येक माग उभा होता तिथं तेलाचा काळा चौकोन.
प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात
त्यांचा अंगठा.

चौतीस वर्षं जॉबर होते.
खडखडाटानं कान केव्हाच नेले.
टीव्ही त्यांना दिसतो, ऐकू येत नाही.
एका दुपारी, बाहेर चव्वेचाळीस,
कॅबिनेटजवळून जाता जाता थांबले,
वर तळवा ठेवला.
तसाच ठेवला बराच वेळ,
ताप बघावा तसा.
"डावीकडची लंगडलालीय."

मी स्क्रीनवर बघितलं.
दोन्ही हिरव्या.
सगळं ठीक, असं लिहिलेलं, इंग्रजीत.
म्हटलं नायना, ह्यात धोटा नसतो.
"फिरतंय की नाही काहीतरी?"
फिरतंय.
"मग लंगडणारच कधीतरी."

तिसऱ्या दिवशी डावी लाल झाली.

मी काही बोललो नाही, तेही नाहीत.
जेवताना कडक भाकरी त्यांनी आमटीत मोडली,
शेंगाचटणी माझ्याकडे सरकवली, एवढंच.
फोटो सगळे होते. उजवीत.
गुलाबसुद्धा.

नवी डिस्क नवी पेठेतून, उधारीवर.
भरायला नऊ तास, म्हणाला दुकानदार,
मध्ये लाईट जाऊ देऊ नका.
मी मोटारीच्या बटनावर कागद चिकटवला:
सकाळपर्यंत हात लावू नये.
खाली अक्कानं पेनानं लिहिलं:
आज पाण्याची पाळी आहे.

रात्री दोनला नळ खाकरला.
कागदाकडे बघून अक्कानं पदर खोचला,
मला हंडा दिला.
नळापासून पिंपापर्यंत, पिंपापासून नळापर्यंत,
ती आणि मी, ओल्या फरशीवर जपून.
नायना खुर्ची ओढून बसले होते,
तळवा कॅबिनेटवर, डोळे मिटलेले.

येता जाता मी स्क्रीन वाकून बघायचो,
बोटांनी खूण करून सांगायचो:
त्र्याहत्तर.
डोळे किलकिले करून ते विचारायचे,
"आणि पिंपं?"
साडेचार.